पोपट, पंढरी आणि १४ एप्रिल : शिंद्यांच्या आवाजाचा हिशेब

घाटकोपर पूर्वेला, हायवेच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला कॅलेंडरची फारशी गरज पडत नाही. भीमगीतं सुरू झाली की समजायचं, जयंती जवळ आली. मे महिन्यात हळदीच्या मांडवात पोपटाचं गाणं वाजतं. आषाढात पंढरीच्या वाटेचं. भाद्रपदात गणपतीची गाणी. आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण असतोच, तिथे सत्यनारायणाच्या कथेचं गाणं. गंमत अशी की यातला बराचसा आवाज एकाच घरातून आलेला आहे. कधी वडिलांचा, कधी मुलांचा, आता नातवाचा. प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद शिंदे, मग आदर्श शिंदे.

तुम्ही मराठी घरात वाढला असाल तर हा आवाज तुम्ही किती तास ऐकलाय याचा हिशेब लागणार नाही. पण या माणसांबद्दल किती वाचलंय? मराठी संगीताच्या इतिहासाची पुस्तकं उघडली की नाट्यसंगीत येतं, भावगीत येतं, १९५५-५६ सालचं गीतरामायण येतं, आणि ते यायलाच हवं. शिंदे मात्र शेवटच्या पानावर 'लोकप्रिय गीते' अशा एखाद्या ओळीत उरकले जातात. मला यात निव्वळ अन्याय दिसत नाही, इतिहासलेखनातली चूक दिसते. कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात गाणं कसं बनायचं, कसं विकलं जायचं आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशात जायचे, हे समजून घ्यायचं असेल तर या एका घराइतकं चांगलं उदाहरण नाही. तबकडी, कॅसेट, सीडी, सिनेमा, यूट्यूब. गाणं विकायची जेवढी म्हणून साधनं आली, तेवढ्या सगळ्यांत हे घर आहे.

सुरुवात मंगळवेढ्यापासून करू. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा. मंगळवेढा म्हणजे संत चोखामेळ्यांचा जिथे अंत झाला ते गाव. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या पायरीशी आहे. पायरीशी, आत नाही. प्रल्हाद जन्मले तेव्हाही हे 'आत नाही' चालूच होतं. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं झालं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे ज्या माणसाच्या आवाजात आज अर्धा महाराष्ट्र मनातल्या मनात पंढरीची वाट चालतो, त्याच्या वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत त्या देवळाचा दरवाजा त्याच्यासाठी बंद होता.

घरात गाणं होतंच. आईवडील गाऊन पोट भरणारे, आणि मुलगा त्यांच्यासोबत गात मोठा झालेला. हे 'घरात संगीताचं वातावरण होतं' या सुशोभित वाक्यातलं गाणं नव्हे. गायलं तर भाकरी, असं ते गाणं. त्यामुळे आवाज लांब पोचला पाहिजे, गर्दीत ऐकू आला पाहिजे, पहिल्या दोन ओळींत माणूस थांबला पाहिजे, ही शिकवणी आपोआप झाली. प्रल्हाद शिंदेंचा वरच्या पट्टीतला तो खडा आवाज माइकच्या आधीच्या जगात तयार झालेला आहे. पुढे साउंड सिस्टीम कितीही सुमार असली तरी तो आवाज फाटत का नाही, याचं उत्तर मला तिथे सापडतं.

मग मुंबई आणि कव्वाली. १९५८ च्या 'अल हिलाल' सिनेमातल्या कव्वालीमुळे देशभर गाजलेले इस्माईल आझाद, त्यांच्या पार्टीत प्रल्हाद साथ करत. त्या काळच्या मुंबईत कव्वाली हा फक्त दर्ग्यातला किंवा सिनेमातला प्रकार नव्हता. चाळीच्या चौकात, गिरणगावातल्या मैदानात, जयंतीच्या मंडपात मराठी कव्वालीचे सामने रंगायचे. एका बाजूला एक पार्टी, समोर दुसरी. हिने सवाल टाकायचा, तिने जवाब द्यायचा, आणि रात्र संपेपर्यंत कोण कुणाला भारी पडतंय ते लोकांनी ठरवायचं. विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, कृष्णा शिंदे, सुषमादेवी ही नावं त्या काळातली. आजच्या रॅप बॅटलवर लिहिताना लोक थेट अमेरिकेतल्या न्यूयॉर्कला जातात. नायगाव, वरळी इतकं जवळ असताना एवढा प्रवास कशाला?

या गायकांना पाठबळ होतं ते जलशाच्या परंपरेचं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी सत्यशोधकी जलशाच्या धर्तीवर आंबेडकरी जलसा उभा केला. गण-गौळण-वगाचा साचा घ्यायचा, त्यातली देवाची स्तुती काढायची आणि बाबासाहेबांचा विचार घालायचा. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले आणि त्यांनी गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली, गायली, वाटून टाकली. 'वाटून टाकली' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, त्याकडे परत येऊ.

*

आता जरा धंद्याकडे. कॅसेट येण्याआधी भारतात रेकॉर्ड म्हणजे जवळपास एचएमव्ही. कारखाना कोलकात्याजवळ डमडमला, निर्णय त्यांचे, यादी त्यांची. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. नंतरच्या सात इंची ईपीवर थोडी जास्त, म्हणजे एका तबकडीत साधारण चार गाणी. प्रल्हाद शिंदेंची गाणी या माध्यमातही पोचली, पण तबकडी वाजवायला ग्रामोफोन किंवा रेकॉर्ड प्लेअर लागतो. मंडळाच्या ऑफिसात एखादा असायचा, लाउडस्पीकरवाल्याकडे असायचा. म्हणजे गाणं सार्वजनिकच ऐकलं जायचं. कुठली तबकडी लावायची हे लाउडस्पीकरवाला ठरवायचा.

कॅसेटने ही रचना मोडली. फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट आणली १९६३ मध्ये. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने घरोघर पोचली ती ७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या दशकात. आखातात कामाला गेलेल्यांनी आणलेले टू-इन-वन, मग इथेच बनलेले स्वस्त प्लेअर. इंजिनिअर म्हणून मला या वस्तूचं फार कौतुक आहे. फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्या कूर्मगतीने सरकणारी. आवाजाची प्रत तबकडीपेक्षा वाईट. पण तबकडी छापायला कारखाना लागतो, कॅसेट भरायला एक खोली पुरते. डुप्लिकेटरवर १६ पट वेगाने दोन्ही बाजू एकदम भरल्या, तर एक तासाची कॅसेट दोन मिनिटांच्या आत तयार. कारखान्याचं भांडवल नसलेला माणूसही आता रेकॉर्ड कंपनी काढू शकत होता, आणि अनेकांनी काढली. यातला सर्वांत मोठा झालेला म्हणजे दिल्लीत दर्यागंजला ज्यूसचं दुकान चालवलेल्या घरातले गुलशन कुमार. पण मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात छोट्या कंपन्यांचं पीक आलं होतं. एचएमव्हीला जी गाणी 'आपल्या दर्जाची' वाटली नसती ती सगळी गाणी या कंपन्यांना हवी होती. भोजपुरीत, पंजाबीत, गढवालीत, मराठीत एकाच वेळी हे घडलं. आपण ज्याला आज 'रीजनल म्युझिक' म्हणतो त्याचा बाजार असा जन्माला आला.

प्रल्हाद शिंदेंचा आवाज या बाजारासाठीच जणू थांबला होता. भक्तिगीतांच्या कॅसेट वर्षानुवर्षं विकल्या जातात; सिनेमाच्या गाण्यासारख्या त्या शिळ्या होत नाहीत. आषाढी दर वर्षी येते. सत्यनारायण तर कधीही येतो. आणि इथे एक अशी गोष्ट घडली जिच्यावर मी बराच विचार केलाय. कॅसेटने गाणाऱ्याचा देह बाजूला काढला आणि आवाज तेवढा घरात नेला. जे कुटुंब एके काळी शिंद्यांच्या घरातल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेताना विचार करत असेल, त्या कुटुंबाच्या देवघरासमोर प्रल्हाद शिंदेंची कॅसेट लागली. भटजी यायच्या आधी लागली, गेल्यावरही चालू राहिली. कव्हरवर नाव होतं, बहुतेक वेळा छोट्या अक्षरांत, आणि देवाचं चित्र मोठं होतं.

याची दुसरी बाजू आंबेडकरी घरांत बोलली जाते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत हिंदू देवदेवता न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत. मग चळवळीतल्या घरातला गायक विठ्ठल आणि सत्यनारायण कसा गातो? हा प्रश्न मी आमच्याकडच्या कट्ट्यावर दर एप्रिलमध्ये ऐकतो. मला तो प्रश्न रास्त वाटतो, पण अपुरा वाटतो. गायकाचं पोट गाण्यावर आहे, आणि कॅसेटच्या बाजारात वर्षाचे ३६५ दिवस विकला जाणारा माल भक्तिगीत हाच होता. भीमगीताचा हंगाम ठरलेला : जयंती, महापरिनिर्वाण दिन, धम्मचक्र प्रवर्तन दिन. ज्यांनी गाण्याचे पैसे द्यायचे त्यांनी विठ्ठल मागितला. त्याच माणसाने तितक्याच ताकदीने भीमगीतं गायली, आणि त्या मंडपात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. शुद्धतेची अपेक्षा करायला आपलं काय जातं? आपल्याला महिन्याच्या शेवटी पगार मिळतो, मग कंपनी कुठल्या क्लायंटसाठी काय बनवते हे आपण किती वेळा विचारतो?

*

८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुलगा आनंद पोपटाचं गाणं घेऊन आला आणि घराचा चेहराच बदलला. वडिलांचं गाणं देवघरात होतं. मुलाचं गाणं हळदीत, वरातीत, रिक्षात, पानाच्या टपरीवर आलं. द्वयर्थी म्हणून नाकं मुरडली गेली, आणि ती मुरडणाऱ्यांच्या घरातल्या लग्नातही ते वाजलं. गाण्याची रचना पाहा : ढोलकीचा ठेका, बेंजोचा तुकडा, दोन ओळींचं ध्रुपद जे दुसऱ्या वेळी ऐकताना आपणच म्हणू लागतो. हे सगळं मंडपात तयार झालेलं कौशल्य आहे. समोर हजार माणसं बसली आहेत, त्यातली निम्मी उठून जाऊ शकतात. त्यांना थांबवायचं कसं, हे ज्याला कळलं त्याला पॉप कळलं. मराठी पॉपची सुरुवात लोक २००० नंतरच्या म्युझिक व्हिडिओंपासून मोजतात. मी मोजणी पोपटापासून करतो.

पैशाचा हिशेब मात्र कॅसेट विकली गेली म्हणून गायक श्रीमंत झाला, असा सरळ नव्हता. त्या धंद्याची सर्वसाधारण रीत अशी : कंपनी गायकाला, गीतकाराला, वादकांना एकरकमी पैसे देणार, कागदावर सही घेणार, विषय संपला. त्यानंतर शंभर प्रती जावोत की दहा लाख, गायकाच्या हातात फरक पडत नाही. शिवाय बनावट प्रती. खरी कॅसेट किती खपली हे कंपनीलाच नीट ठाऊक नसायचं, तर गायकाला काय असणार?

मग गायक का गायचे? कारण कॅसेट ही त्यांची कमाई नव्हती, जाहिरात होती. कॅसेटच्या आतला तो घडी घातलेला कागद आठवतो? त्यावर 'कार्यक्रमासाठी संपर्क' म्हणून पत्ता किंवा फोन नंबर असायचा. खरा पैसा सुपारीत होता. गाणं गाजलं की जयंती, यात्रा, उरूस, गणपती, नवरात्र, लग्न अशा तारखा भरत जायच्या. एका पार्टीत हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, पुढे कीबोर्ड आणि पॅड, दोन-तीन कोरस. टेम्पोत सामान, रात्री गाणं, पहाटे परतीचा प्रवास. मंडपात लोक नोटा घेऊन यायचे आणि गायक माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारायचा. ही रक्कम कुठल्याही रॉयल्टी स्टेटमेंटमध्ये दिसत नाही, पण वादकांची चूल त्यावर पेटायची. एक वाईट हंगाम, एक बसलेला घसा, आणि ती विझायची. विठ्ठल उमप गेले ते २६ नोव्हेंबर २०१० ला, नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच. वय ७९. त्या बातमीत लोकांना कलानिष्ठा दिसली, आणि ती होतीच. मला त्यात हेही दिसतं की या क्षेत्रात निवृत्ती नावाची गोष्ट नाही.

*

घाटकोपरचं नाव गाण्याच्या इतिहासात दोन वेळा येतं, आणि दोन्ही वेळा बाजाराच्या बाहेर. पहिली वेळ चिरागनगरची. तिथल्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे अनेक वर्षं राहिले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखोंच्या तोंडी होती आणि ते स्वतः पत्र्याच्या घरात होते. जुलै १९६९ मध्ये ते गेले, पुढच्याच महिन्यात अमर शेख गेले.

दुसरी वेळ १९९७ ची. ११ जुलैला सकाळी रमाबाई आंबेडकर नगरातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळं कापड बांधून आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये घोगरे गाताना दिसतात. पुढे त्यांच्या मरणापासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' बनायला पटवर्धनांना १४ वर्षं लागली. या दोन माहितीपटांमुळे घोगरेंचा आवाज आपल्यापर्यंत पोचला, नाहीतर त्या प्रकारच्या गाण्याला कॅसेटच्या दुकानात फळी नव्हती. भीमगीत विकलं जायचं, पोपट विकला जायचा, विठ्ठल तर विकला जायचाच. झोपडी तोडल्याचं गाणं कोण विकत घेणार, आणि ज्याची झोपडी तुटली त्याच्याकडे टेप कुठला?

त्याच पावसाळ्यात, रमाबाई नगरानंतर बरोबर ३२ दिवसांनी, १२ ऑगस्टला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार यांचा गोळ्या घालून खून झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण एका महिन्यात एकाच उपनगरी मुंबईत कॅसेटच्या बाजाराचा राजा मेला आणि त्या बाजाराबाहेरचा शाहीर मेला. पहिल्याची कंपनी आज जगातल्या सर्वांत मोठ्या यूट्यूब चॅनेलांपैकी एक चालवते.

*

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण थांबा, सगळी गंमत इथे आहे.

एका गाण्यात किमान चार गोष्टी असतात : शब्द, चाल, ते गायलेला आवाज आणि त्या आवाजाचं रेकॉर्डिंग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांना मालक दिले. गाणाऱ्याला काहीच दिलं नाही. 'कलाकाराचा हक्क' कायद्यात आला १९९४ मध्ये, म्हणजे प्रल्हाद शिंदेंची बहुतेक गाणी आणि पोपट सगळं होऊन गेल्यावर. त्यातही, एकदा रेकॉर्डिंगला संमती दिली की पुढे फारसं हातात राहत नसे. शिवाय जुन्या कायद्यात एक पळवाट होती : मूळ रेकॉर्डिंगला दोन वर्षं उलटली की नोटीस आणि ठरावीक मानधन देऊन तेच गाणं दुसऱ्याच्या आवाजात काढता यायचं. कॅसेट कंपन्यांच्या 'व्हर्जन' गाण्यांचा सगळा धंदा यावर उभा होता.

२०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदललं. तीन गोष्टी महत्त्वाच्या. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा काढून घेणारा करार करता येणार नाही. गायकाला त्याच्या गाण्याच्या व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क. आणि माझं आवडतं कलम : करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय आपोआप जाणार नाहीत. १९८८ साली कॅसेटसाठी सही करणाऱ्याने यूट्यूबसाठी सही केली नव्हती, एवढी साधी गोष्ट. पण दुरुस्ती २०१२ पासून लागू. १९८८ च्या सहीला तिचा उपयोग करून घ्यायचा तर कोर्टात जायला हवं, आणि मूळ कागद हवा. कॅसेटच्या काळातला कागद किती जणांकडे असेल?

यूट्यूबवर हे कसं चालतं ते मी कामामुळे थोडं जवळून पाहिलंय. २००७ पासून तिथे कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. रेकॉर्डिंगचा मालक आपला ऑडिओ जमा करतो, त्यातून एक ठसा तयार होतो, आणि कुणीही कुठेही ते गाणं वापरलं की ठसा जुळतो आणि जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळतात. यंत्रणा रेकॉर्डिंग ओळखते, गायक नाही. तुम्ही तुमच्या आजोबांनी गायलेलं गाणं अपलोड केलंत, आणि रेकॉर्डिंग कंपनीचं असेल, तर पैसे कंपनीला जाणार. कोडच्या नजरेने यात काही चूक नाही. त्याला जे विचारलं ते तो बरोबर सांगतो. कुणाला काय विचारायचं हे ठरवणारी माणसं वेगळी. त्यात रोमन लिपीत एकाच गायकाचं नाव कुणी एका तऱ्हेने लिहितं, कुणी दुसऱ्या. 'ल्हा' की 'ह्ला' यावर एका माणसाचे अॅपमध्ये दोन कलाकार होतात.

आणि चाल विकली गेली तर? २००६ च्या 'जत्रा' सिनेमात अजय-अतुलच्या संगीतात 'कोंबडी पळाली' आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं. सहा वर्षांनी त्याच संगीतकारांनी हीच चाल 'अग्निपथ' मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून वापरली आणि ती देशभर वाजली. संगीतकारांनी स्वतःची चाल पुन्हा वापरली, त्यांचा तो हक्कच. फक्त बघा, चालीला पाय फुटले आणि ती हिंदीत गेली. ज्या आवाजामुळे ती मराठीत रुजली तो इथेच राहिला. २०१६ मध्ये 'पोश्टर गर्ल' साठी आनंद आणि आदर्श, बापलेकांनी मिळून 'आवाज वाढव डीजे' गायलं. या वेळी कायदा त्यांच्या बाजूने थोडा तरी होता. आदर्शची पिढी वेगळी : रीतसर शिक्षण, सिनेमा, टीव्ही, स्वतःच्या नावाने ओळख. आजोबांच्या काळात 'पार्टी' होती, आता 'लाइव्ह इन कॉन्सर्ट' आहे. सुपारी तीच, फक्त बॅनर गुळगुळीत झालाय.

*

वामनदादांकडे परत येतो. १५ मे २००४ ला वामनदादा गेले आणि २३ जून २००४ ला प्रल्हाद शिंदे. सव्वा महिन्याच्या अंतराने एक शब्दांचा माणूस गेला, एक आवाजाचा. वामनदादांनी गाणी वाटून टाकली असं मी वर म्हटलं. कुणीही घ्या, कुठेही गा. पण त्यांनी एक गोष्ट केली होती जी संतांपासून चालत आली आहे : शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. नाममुद्रा. आमच्या भाषेत हा मेटाडेटा झाला, पण फाइलच्या बाहेर चिकटवलेला नाही, ओळीच्या यमकात आणि मात्रेत विणलेला. गाणं कॉपी करा, दुसऱ्याच्या आवाजात गा, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवा, कव्हर फाडून टाका, 'वामन' जात नाही. काढायचा तर सगळं कडवं मोडावं लागतं. सातशे वर्षांपूर्वी चोखामेळ्याच्या अभंगांनी हेच केलं, म्हणून आज आपल्याला ते चोखामेळ्याचे म्हणून माहीत आहेत. गायकाला अशी सोय नाही. त्याची मुद्रा म्हणजे त्याचा गळा, आणि डीजेवाला सेमीटोन चार वर सरकवतो तेव्हा पहिली पुसली जाते ती हीच.

आमच्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत छोटे स्टुडिओ भरलेले असतात. दहा बाय दहाची खोली, भिंतीला फोम, एक कंडेन्सर माइक, एक लॅपटॉप. १४ एप्रिलच्या आधी गाणं चॅनेलवर पडलं पाहिजे म्हणून पोरांची धावपळ चालते. थंबनेलवर 'कार्यक्रमासाठी संपर्क' आणि मोबाइल नंबर. कॅसेटमधला कागदच हा.

यंदा ओळखीतल्या एका पोराने मला एका चॅनेलचा करार दाखवायला आणला, मला इंग्रजी आणि कॉम्प्युटर दोन्ही येतं म्हणून. दोन पानं. एकरकमी पैसे, कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. म्हणजे २०१२ च्या त्या माझ्या आवडत्या कलमाला वळसा घालणारा उल्लेख वकिलाने आठवणीने घातलेला. मी त्याला म्हटलं, हे वाक्य तरी खोडायला सांग, आणि शब्द तुझेच आहेत तर गीतकार म्हणून सोसायटीत नाव नोंदव. रॉयल्टीचा तो वाटा करारानेही काढून घेता येत नाही. त्याने चॅनेलवाल्याला विचारलं. पलीकडून उत्तर आलं, दुसरा गायक उभा आहे. त्याने सही केली. मी असतो तर मीही केली असती, कारण पुढच्या सुपाऱ्या त्या व्हिडिओवर ठरणार होत्या.

व्हिडिओ १० एप्रिलला आला. खाली चॅनेलचं नाव आहे, निर्मात्याचं आहे, एडिटरचं आहे. गीतकाराची जागा रिकामी आहे. गाणं मात्र पोराने स्वतः लिहिलंय, आणि शेवटच्या कडव्यात, दुसऱ्या ओळीच्या यमकात, त्याने आपलं नाव बसवलंय.